ऑनलाइन थेरपीच्या करारावर सही करण्याआधी: मनुष्यबळ विभागप्रमुखांना खुलं पत्र

प्रति,
मनुष्यबळ विभागप्रमुख,
हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर आणि ऐरोली इथल्या आयटी, बीपीओ व वित्तसेवा कंपन्या

सप्रेम नमस्कार.

आर्थिक वर्ष संपत आलं की तुमच्या टेबलावर दोन करार नूतनीकरणासाठी येतात. एक गटविम्याचा, दुसरा कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन समुपदेशनाचा. विम्याच्या करारातलं कलम न् कलम वाचलं जातं. समुपदेशनाच्या करारात मात्र दर माणशी वर्षाला किती पैसे, एवढा एकच आकडा पाहिला जातो आणि सही होते. त्या दुसऱ्या कराराच्या पलीकडच्या टोकाला, स्क्रीनच्या मागे, आम्ही क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बसलेलो असतो. तुमची माणसं आमच्यापर्यंत पोहोचतात आणि त्यातली बरीच दुसऱ्या सेशननंतर परत येत नाहीत. याचं खापर 'आपल्याकडे लोक मोकळेपणाने बोलत नाहीत' यावर फोडण्याची पद्धत आहे. आमच्या मते खरी कारणं त्या करारात असतात आणि ती दुरुस्त करता येण्यासारखी आहेत.

पहिलं कारण सेशनची संख्या. बऱ्याच करारांत वर्षाला 3 सेशन मोफत असतात. कामाच्या ताणावर सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत, सीबीटी (विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी थेरपी), साधारणपणे 6 ते 12 सेशनची असते आणि एक सेशन 45 ते 50 मिनिटांचं. पहिल्यातला निम्मा वेळ संमती, गोपनीयतेच्या मर्यादा, माणूस आत्ता कुठल्या पत्त्यावर बसलाय आणि अडचण आली तर कुणाला फोन करायचा, यात जातो. त्यानंतर दोन प्रश्नावल्या. उदासीनतेसाठी पीएचक्यू-9, 0 ते 27 गुणांची, आणि चिंतेसाठी जीएडी-7, 0 ते 21 गुणांची. दोन्ही गेल्या 2 आठवड्यांबद्दल विचारतात. दोन्हींपैकी कोणत्याही एकीत 10 किंवा त्यावर गुण आले तर 'थोडं टेन्शन आहे' म्हणून सोडून देता येत नाही, नीट तपासणी लागते.

दुसऱ्या सेशनपासून नोंदवही सुरू होते. आठवडाभर रोज चार-पाच ओळी: किती वाजता, काय झालं, शरीरात काय जाणवलं, मनात काय आलं, मग काय केलं. एखादी ओळ अशी असते: रात्री 10:40, क्लायंटचा मेसेज, छातीत धडधड, 'उद्या कॉलवर सगळ्यांसमोर झापणार', लॅपटॉप पुन्हा उघडला, 1 वाजता बंद केला. अशा वीस-पंचवीस ओळी जमल्या की त्यांचे दोन ढीग करायचे. एका ढिगात भीतीने फुगवलेल्या गोष्टी. दुसऱ्यात खरोखरच जड असलेल्या. पहिल्या ढिगासाठी विचार तपासून पाहायचे: मागच्या 10 मेसेजपैकी किती रात्रीच उत्तर मागत होते? दुसऱ्या ढिगाला विचार तपासून काही होत नाही. तिथे मॅनेजरशी बोलण्याची तालीम लागते, अगदी वाक्यासकट: 'या आठवड्यात रिलीज आणि ऑडिट दोन्ही माझ्याकडे आहेत, दोन्ही शुक्रवारपर्यंत होणार नाहीत, आधी कोणतं घेऊ?' ही ढिगांची गल्लत झाली की थेरपी फसते. खऱ्या ओझ्याला 'तुमची विचार करण्याची पद्धत' म्हटलं की माणूस मान डोलावतो, लॉग आउट करतो आणि परत येत नाही.

झोपेचं काम याच सुमारास चालू असतं. उठण्याची वेळ ठरलेली, झोपायची नव्हे. पलंगावर लॅपटॉप नाही. साधारण 20 मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या जागी बसायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. शिफ्ट दर पंधरवड्याला बदलत असेल तर यातलं काहीच टिकत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. शेवटच्या एक-दोन सेशनमध्ये पुढची तयारी: ताण परत चढायला लागला की आधी काय बिघडतं (बहुतेकांचं जेवण किंवा झोप) आणि तेव्हा काय करायचं.

आता यातली फक्त पहिली 3 सेशन ठेवून पाहा. निदान झालं, नोंदवही आली, ढीग पडले आणि पैसे संपले. म्हणजे जखम उघडून पट्टी न बांधताच पाठवणी. किमान 6 सेशन द्या, गरज असेल तर थेरपिस्टच्या शिफारशीवर आणखी 4. पहिली 4 आठवड्याला एक, पुढची पंधरवड्याला एक, आणि सगळी एकाच थेरपिस्टकडे. 'जो मोकळा असेल तो' ही कॉल सेंटरची रीत इथे लावली की दर वेळी माणसाला आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. दुसऱ्यांदा ती सांगायची तयारी कोणाचीच नसते.

कामाबद्दल बोलणं शेवटच्या सेशनवर ढकलू नये, यालाही आधार आहे. नेदरलँड्समध्ये ताण, चिंता किंवा उदासीनतेमुळे रजेवर असलेल्या 168 कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या सीबीटीत कामावर परतण्याचा विषय सुरुवातीपासून होता, ते नेहमीची सीबीटी घेतलेल्यांपेक्षा सरासरी 65 दिवस आधी पूर्णवेळ कामावर परतले. लक्षणं दोन्ही गटांत जवळपास सारखीच कमी झाली होती. सेवा देणाऱ्या कंपनीला विचारा: तुमचे थेरपिस्ट कामाविषयी किती आणि केव्हा बोलतात?

दुसरं कारण म्हणजे जागा. यावर आम्ही जरा जास्त लिहिणार आहोत, कारण कोणत्याच करारात जागेचं नाव नसतं.

ऑनलाइन थेरपी म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते खिडकीपाशी कॉफीचा कप घेऊन बसलेलं शांत माणूस. प्रत्यक्षात सेशन होतात पार्किंगमध्ये उभ्या गाडीत, काचा वर करून, मे महिन्यातसुद्धा. होतात जिन्यात, गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे, बाथरूममध्ये नळ सोडून. वन बीएचकेत सासू-सासरे आहेत, किंवा वाकडच्या फ्लॅटमध्ये चौघे रूममेट. ऑफिसात जागा द्याल तर ती काचेची केबिन, जिच्यावरून येणारा-जाणारा ओठांची हालचाल पाहत जातो. अशा जागी माणूस फक्त हो-नाही बोलतो. आम्ही मग चॅटवर प्रश्न लिहितो आणि तो मान हलवून उत्तर देतो. 45 मिनिटांत 10 मिनिटांचं काम होतं.

दर मजल्यावर जमत नसेल तर दर इमारतीत एक खोली द्या. भिंती काचेच्या नकोत, दार बंद होणारं हवं, मीटिंग रूमच्या बुकिंगच्या यादीत तिला 'वेलनेस रूम' हे नाव नको आणि ती तुमच्या विभागाशेजारी तर नकोच. आत एक टेबल, एक खुर्ची, टिश्यूचा डबा आणि चार्जिंग पॉइंट पुरेसा आहे. गादीच्या खुर्च्या आणि भिंतीवरची सुविचारांची पोस्टर नसली तरी चालतील.

यंत्रही तितकंच महत्त्वाचं. कंपनीच्या लॅपटॉपवर सेशन घेऊ नका, असं आम्ही प्रत्येकाला पहिल्याच वेळी सांगतो. त्यावर देखरेखीचं सॉफ्टवेअर असतं, नेटवर्कवर उघडलेल्या साइटची नोंद राहते आणि कॅलेंडर मॅनेजरला दिसतं. स्वतःचा फोन, स्वतःचा डेटा, स्वतःचा ईमेल, तारेचे इअरफोन. नोंदणीच मुळात ऑफिसच्या ईमेलवरून करायला लावणारी सेवा असेल तर ती अट काढायला सांगा. पात्रता तपासायला एक सामायिक कोड पुरतो. आणि आठवणीचा मेसेज! क्लायंटला स्क्रीन दाखवत असताना कोपऱ्यात 'तुमचं समुपदेशन 6 वाजता' असं झळकलं की तो माणूस पुन्हा कधीही बुकिंग करत नाही. मेसेजमध्ये 'अपॉइंटमेंट 6 वाजता' एवढंच लिहायला लावा. फुकटात होणारं काम आहे.

नेट तुटतं, हेही गृहीत धरा. चांगल्या सेवेत नियम आधीच ठरलेला असतो: व्हिडिओ अडखळला की फक्त आवाज, तोही गेला की 5 मिनिटांच्या आत थेरपिस्ट साध्या फोनवर कॉल करेल. नियम नसला की दोन्हीकडे माणसं वाट पाहत बसतात आणि रडता रडता कॉल कट झालेल्या माणसाला वाटतं, यांनीच फोन ठेवला.

वेळेबद्दल थोडक्यात. सकाळचे स्लॉट यूएस शिफ्टवाल्यांच्या झोपेत पडतात. दुपारी 1 ते 4 आणि रात्री 9 ते 11 या वेळा हव्यात, शिवाय शनिवार. कामाच्या वेळेत सेशन घेता यावं म्हणून महिन्याला 4 तास कारण न सांगता घेता येतील असे ठेवा. 'मेडिकल लीव्ह' आणि वर डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागितलंत तर गुप्तता तिथेच संपली. सेशननंतरची 15 मिनिटंही मोकळी हवीत. 5:50 ला डोळे पुसून 6:00 च्या स्टँडअपमध्ये कॅमेरा चालू करणं ही शिक्षा आहे.

आता भाषा. तुमचं पोर्टल इंग्रजीत आहे, प्रश्नावली इंग्रजीत आणि थेरपिस्टच्या यादीतले बहुतेक इंग्रजीत बोलतात. लातूरहून, जळगावहून आलेला तुमचा टेस्टर दिवसभर इंग्रजीत रिपोर्ट लिहितो, पण त्याला 'अँक्झायटी' होत नाही. त्याचा जीव घाबरा होतो. डोकं बधिर होतं, पित्त वर येतं, कशात मन लागत नाही, घरी गेल्यावर पोरांवर उगाच खेकसलं जातं. आधी तो पित्ताच्या गोळ्या घेतो, मग ईसीजी काढतो, तो नॉर्मल आला की गप्प बसतो. (छातीत दुखत असेल तर ईसीजी आधीच काढावा, थेरपी नंतर. ताणाचं निमित्त करून हृदयाकडे दुर्लक्ष नको.) ही भाषा कळणारा माणूस पहिल्या फोनलाच हवा. 'आमच्याकडे 12 भाषा आहेत' हे माहितीपत्रकावरचं वाक्य झालं. विचारा की मराठीत सेशन घेणारे नेमके किती जण आहेत आणि आठवड्याला त्यांचे किती तास मोकळे असतात. पीएचक्यू-9 मराठीतही आहे, ती वापरायला सांगा.

थेरपिस्ट कोण आहे हेही तपासा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक असतो; तो मागा आणि परिषदेच्या नोंदवहीत पडताळा. मानसशास्त्रात एमए करून, देखरेखीखाली काम शिकलेले समुपदेशकही कामाच्या ताणासाठी उत्तम काम करतात, पण त्यांच्यावर ज्येष्ठ व्यक्तीचं नियमित सुपरव्हिजन हवं. 'हॅपिनेस कोच' हा वेगळा व्यवसाय आहे, त्याचं मानधन या करारातून देऊ नका. औषधाची गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ लागतो. 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांमुळे तोही ऑनलाइन तपासू शकतो, पण सगळी औषधं ऑनलाइन लिहून देता येत नाहीत; म्हणून पुण्यात प्रत्यक्ष भेटू शकणारा एक तरी मनोविकारतज्ज्ञ जोडलेला असावा. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 21 नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. तुमच्या गटविम्यात ते कोणत्या उपमर्यादेत अडकवून ठेवलंय, तेही याच फेरीत पाहून घ्या.

तिसरं कारण भीती. हे सगळं एचआरला कळणार, अप्रेझलला नडणार, पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये निघणार. ही भीती अनाठायी आहे असं आम्हाला छातीठोकपणे सांगता यावं, एवढीच आमची मागणी आहे. सगळ्याच करारांत ते सांगता येत नाही.

कायदा स्पष्ट आहे. 2017 च्या कायद्याचं कलम 23 मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देतं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, असे मोजके अपवाद सोडले तर माहिती बाहेर जात नाही. गडबड होते ती अहवालात. तिमाही अहवालात नावं नसतात हे खरं. पण 'क्यूए टीम, महिला, 30 ते 35, 2 सेशन, विषय: मॅनेजरशी संघर्ष' एवढं लिहिलं आणि त्या टीममध्ये त्या वयाच्या दोनच बायका असल्या, तर नाव लिहायचं काय बाकी राहिलं? करारात लिहून घ्या की 10 पेक्षा लहान गटाची कोणतीही फोड दिली जाणार नाही. बिल एकूण सेशनच्या आकड्यावर यावं, एम्प्लॉयी आयडीवर नाही. सेशनचं रेकॉर्डिंग होणार नाही. नोंदी कुठल्या सर्व्हरवर, किती वर्षं राहतील आणि कर्मचारी कंपनी सोडून गेल्यावर त्यांचं काय होईल, हे लेखी हवं. मॅनेजरने 'मी तुला पाठवलं होतं, गेलास का?' असं विचारू नये आणि विचारलंच तर सेवेकडून 'आम्ही कोणाचीच माहिती देत नाही' एवढंच उत्तर यावं. तो माणूस आलाच नसेल तरीही हेच उत्तर.

अपवादाची वेळ येते तेव्हा काय करायचं, हेही आधीच ठरलेलं असावं. पीएचक्यू-9 चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला शून्यापेक्षा जास्त गुण आले की सेशनचा उरलेला बेत बाजूला ठेवून थेरपिस्ट थेट विचारतो: विचार किती वेळा येतात, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का. असं विचारल्याने कल्पना डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. धोका दिसला तर घरच्या किंवा आधी दिलेल्या व्यक्तीला फोन, जवळचं रुग्णालय, गरज पडली तर 112. म्हणूनच पत्ता दर सेशनला विचारावा लागतो. पोर्टलवर पिंपळे सौदागर असतं आणि माणूस वर्क फ्रॉम होम घेऊन कोल्हापूरला गेलेला असतो. तुमच्या विभागाचं काम यात एकच: बोलावलं तर मदतीला येणं. चौकशी, मेमो, 'फिटनेस सर्टिफिकेट आणा' हे त्या आठवड्यात नको. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं त्याच कायद्याचं कलम 115 गृहीत धरतं. कंपनीनेही तेच गृहीत धरावं. आणि प्रत्येक ओळखपत्राच्या मागे टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक छापा. ही सेवा 2022 पासून आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही.

ॲपबद्दल फार बोलण्यासारखं नाही. माणसाची साथ नसलेले ऑनलाइन धडे बहुतेक जण अर्ध्यात सोडतात. आठवड्याला कुणी दोन ओळी लिहून विचारपूस केली तरी ते पूर्ण होण्याचं प्रमाण आणि त्यांचा फायदा दोन्ही वाढतात. श्वासाचे व्यायाम, झोपेची नोंद यासाठी ॲप ठेवा. चॅटबॉटला 'थेरपिस्ट' म्हणून विकत घेऊ नका.

आणि आता ते बोलायला हवं जे आमच्या धंद्याच्या विरोधात जातं. थेरपीने कामाचं ओझं कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट' ही आजार म्हणून नव्हे तर कामाशी संबंधित घटना म्हणून नोंदलेली आहे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा, न हाताळलेला ताण, असं तिचं वर्णन आहे. 1979 साली कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी मांडलेली गोष्ट आजही लागू पडते: काम खूप आणि ते कसं, केव्हा करायचं यावर हक्क मात्र थोडा, ही जोडी माणसाला सगळ्यात जास्त पिळते. ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची पाहणी 2024 साली प्रसिद्ध झाली. वेलनेस ॲप, माइंडफुलनेस, रेझिलियन्स ट्रेनिंग घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा बरी दिसली नाही. ती पाहणी एकाच वेळचं चित्र आहे, आणि अशा कार्यक्रमांना आधीच थकलेली माणसंच जास्त जात असतील, ही शंका रास्त आहे. तरी शुक्रवारी संध्याकाळी 5 वाजता सक्तीचं 'स्ट्रेस मॅनेजमेंट' वेबिनार ठेवणाऱ्यांनी ती वाचावी.

तासांचं गणित तर सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2021 च्या अभ्यासात आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत, 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा सुमारे 17 टक्क्यांनी जास्त दिसला. 55 तास म्हणजे पाच दिवसांत रोज 11. हिंजवडी फेज 3 पर्यंतचा प्रवास त्यात धरलेला नाही.

म्हणून तिमाही अहवाल फाइलला लावून ठेवू नका. त्यात 'रात्रीचे कॉल' हा विषय वारंवार येत असेल तर ते कॉल पाळीपाळीने वाटा आणि ज्याची पाळी आहे त्याची दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी सोडा. '90 दिवसांचा नोटीस पिरियड' येत असेल तर तो कशासाठी आहे ते वरच्यांना विचारा. मॅनेजरांना समुपदेशक बनवू नका. त्यांना तीन गोष्टी शिकवा: बदल ओळखणं, एकांतात 'कसं चाललंय, काय हलकं करू?' असं विचारणं, आणि ऐकलेलं दुसरीकडे न सांगणं.

यश मोजायला 'किती टक्के लोकांनी सेवा वापरली' हा आकडा फसवा आहे. एका वेबिनारची हजेरी धरली तरी तो फुगतो. मागणी केल्यापासून पहिल्या सेशनपर्यंत किती दिवस गेले, हे मागा. 5 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त असतील तर माणूस निघून गेलेला असतो. चौथ्या सेशनपर्यंत किती जण टिकले, हे मागा. सुरुवातीला पीएचक्यू-9 वर 10 किंवा जास्त गुण असलेल्यांपैकी किती जणांचे गुण 5 किंवा अधिक कमी झाले, हे मागा. 5 गुणांचा फरक हा खरा फरक मानला जातो. तीनही आकडे देता येत नसतील तर ती कंपनी थेरपी विकत नाही, लॉगिन विकते.

सही करण्याआधी एक करा. एखाद्या बुधवारी रात्री साडेअकरा वाजता, स्वतःच्या खासगी फोनवरून, कर्मचारी म्हणून त्या सेवेला फोन लावा आणि मराठीत बोला. किती वेळ रिंग वाजते, कोण उचलतं, पहिला प्रश्न काय येतो (एम्प्लॉयी आयडी की 'बोला, काय होतंय?') आणि मराठीतलं पहिलं सेशन कोणत्या तारखेला देतात, ते लिहून ठेवा. तो कागद कराराला जोडा.

आपले,
पुण्यात ऑनलाइन समुपदेशन करणारे काही क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक